घोड्याची उडी व स्वाराचा तोल

घोड्यानें कुंपण ओलांडलें म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु ती उडी घोड्यास सुखाची झाली कीं दुःखाची, हें थोडेच पाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपांतील स्वारांस अशी शिकवण असे कीं, उडीच्या वेळीं शरीर मागें टाकावें व लगाम खेंचून घोड्याचें डोकें वर धरावें. यामुळें पुढच्या पायांवरील भार हलका होतो, असा समज होता. परिणाम मात्र उलट होई. स्वाराचा भार घोड्याच्या कमरेवर आदळे, लगामाचें लोखंड तोंडांत रुते, आणि बिचारें जनावर उडीलाच भिऊं लागे.

इटलीच्या घोडदळांतील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्यानें ही चूक ओळखली. स्वाराविना मोकळा घोडा उडी कशी घेतो, हें त्यानें बारकाईनें पाहिलें. घोडा मान लांबवितो, पाठीची कमान करितो, व प्रथम पुढील पायांवरच उतरतो. तेव्हां त्याच्या आड स्वारानें येऊं नये, हेंच या पद्धतीचें सार ठरलें. रिकिबी आंखूड, टाचा खालीं, बैठक जिनापासून किंचित् उचललेली, धड पुढें झुकलेलें, आणि हात घोड्याच्या तोंडाबरोबर पुढें जाणारे. १९०२ सालीं तुरिन येथें त्यानें २.०८ मीटर उंचीची उडी मारून दाखविली. पुढें पिनेरोलो येथील घोडदळाच्या शाळेंत अनेक देशांचे अधिकारी ही विद्या शिकावयास आले.

शिक्षणाचा आरंभ मात्र उंच कुंपणापासून होत नसतो. प्रथम जमिनीवर सुमारें साडेचार फुटांच्या अंतरानें दांडे मांडून त्यांवरून घोड्यास दुडक्या चालीनें नेतात. दुडकींत दोन ठोके, मंद दौडींत तीन; हे ठोके न अडखळतां ऐकूं आले म्हणजे लय साधली असें समजावें. मंद दौडींतील एक ढांग सुमारें १२ फुटांची असते. म्हणून दोन कुंपणांमध्यें २४ फूट अंतर ठेविल्यास उतरण्यास ६, एका ढांगेस १२, व पुन्हां उडी घेण्यास ६, असा हिशेब जुळतो. अंतर चुकलें तर घोडा घाईनें उडी घेतो किंवा अडून राहतो.

नवशिक्या स्वारास कधीं कधीं लगाम हातीं न देतां, शिक्षकानें लांब दोरीवर धरलेल्या घोड्यावरून दांडे ओलांडावयास लावितात. तोल लगामावर नव्हे, स्वतःच्या पायांवर राखावयाचा असतो, हें त्यास तेथें कळतें.

विद्यार्थिमित्रहो, ज्यास स्वतःचा तोल राखतां येत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या तोंडांतील लगाम ओढूं नये, एवढा धडा तरी या विद्येपासून आपण सर्वांनीं घ्यावा.