अपंगत्वाचा दावा आणि वकिलाची निवड

वऱ्हाडात कापूस, सोयाबीन व तुरीचा हंगाम सुरू झाला की शेतातून मळणीयंत्रे फिरू लागतात आणि जिनिंगचे कारखाने गजबजतात. यंत्रात हात सापडणे, बैलबंडीस वाहनाची धडक बसणे, असे अपघातही याच दिवसांत घडतात. कर्त्या माणसास अपंगत्व आल्यावर कुटुंब प्रथम गावातील शिक्षकास किंवा पंचायत सदस्यास विचारते : मदत कोठे मागावी, आणि त्यासाठी वकील करावा लागतो काय? या प्रश्नाचे नेमके उत्तर त्यांच्यापाशी असणे अगत्याचे आहे.

वकिलाची गरज कोठे नाही

शासकीय साहाय्याच्या अर्जासाठी वकील लागत नाही. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा अथवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये, तर दोन डोळे अथवा दोन अवयव गमावल्यास २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. अशा अर्जासाठी कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर ते देण्याचे कारण नाही.

वकील केव्हा करावा

रस्त्यावरील अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. कारखान्यातील कामगारास पूर्वी १९२३ च्या कायद्याने भरपाई मिळे; २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आहे. म्हणून अपघाताची तारीख वकिलास आरंभीच सांगावी. या प्रकरणांत विमा कंपनी किंवा मालक यांच्या बाजूने जाणते वकील उभे राहतात. तेथे दावेदाराने एकट्याने जाणे हिताचे नाही.

विनामूल्य साहाय्याचा हक्क

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये दिव्यांग व्यक्तीस विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तिच्या उत्पन्नाची मर्यादा पाहिली जात नाही. मात्र प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असावे लागते. अमरावती व अकोला येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालये आहेत. तालुक्यांच्या ठिकाणी तालुका समित्या काम पाहतात. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून शुल्क घ्यावयाचे नसते.

खासगी वकील निवडताना

प्रथम त्यांनी याच प्रकारचे दावे चालविले आहेत काय, हे विचारावे. पुढील प्रश्न अपंगत्वाच्या टक्केवारीचा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या निकालात स्पष्ट केले की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता घटण्याची टक्केवारी या एकच नव्हेत. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. कारकुनाची नोकरी कदाचित टिकून राहते. सालदाराचा किंवा हमालाचा दावाही याच कसोटीवर मांडावयास हवा. केवळ प्रमाणपत्र जोडून भागत नाही. ते देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. ती साक्ष कशी घेणार, हे वकिलास विचारून ठेवावे.

मोबदल्याबाबतही स्पष्टता हवी. ‘आज काही देऊ नका, मिळालेल्या रकमेत वाटा द्या’ असे सांगणारे भेटतात. अडचणीतील कुटुंबास हे सोयीचे वाटते. परंतु भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून शुल्क ठरविण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास वकिलास मनाई आहे. दवाखान्यात येऊन पक्षकार मिळविणे, दलालामार्फत कामे घेणे, हेही नियमबाह्य होय. याविषयीची तक्रार महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे करता येते.

वकीलपत्र वाचून, न कळल्यास वाचून घेऊन, मगच सही किंवा अंगठा करावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून प्रती द्याव्यात, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी आणि पुढील तारीख लिहून ठेवावी. भरपाईची रक्कम दावेदाराच्याच बँक खात्यात जमा होईल, याची खात्री करावी.

पंचायतीचे कार्य

पोलीस पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे आणि मजुरीचा पुरावा पहिल्या महिन्यातच गोळा झाला, तर पुढील काम सोपे होते. वर्षभराने हे कागद मिळणे दुष्कर. पंचायतीने विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता फलकावर लावावा आणि अपंगत्व आलेल्या व्यक्तीसोबत पहिल्या भेटीस एक सदस्य पाठवावा. न्यायालयाची पायरी कधीही न चढलेल्या माणसास एवढा आधार लाभला, तर त्याचा हक्क मुदतीअभावी किंवा दलालाच्या हाती पडून बुडणार नाही.