कोयता घरीच ठेवा

वासोट्याला जायचं ठरलं की आमच्या सांगली-मिरजेच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, सोबत हत्यार काय घेऊ?" पाणी किती घ्यायचं, बूट कसले घालायचे, ते नंतर. कुणी ऑनलाइन कुकरी मागवतो, कुणी घरचा ऊसतोडीचा कोयता सॅकला बांधून येतो. तिकडे गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि किल्ल्याचं दुसरं नावच व्याघ्रगड. तेव्हा भीती खोटी नाही, तिच्यावरचा उपाय चुकीचा आहे.

दातेगडावरून उतरतानाची गोष्ट सांगतो. पाटणजवळच्या या गडावर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. ती पाहून आमच्यातल्या एका गड्याला भलतंच स्फुरण चढलं होतं. कमरेच्या कुकरीवर हात ठेवूनच स्वारी चालली होती. पाऊस नुकताच सरलेला, वाट निसरडी. पाय सटकला, तो बसकण मारून घसरत गेला आणि स्वस्तातल्या म्यानातून निसटलेलं पातं मांडीत घुसलं. जखमेवर गमछा दाबून धरत, आळीपाळीनं उचलून आम्ही त्याला खाली आणलं. टाके पडले. त्या दिवशी जनावर म्हणाल तर एक सरडा तेवढा आडवा गेला होता.

वासोटा ज्यात येतो त्या कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात शिरलात तर कायदाही आडवा येतो. २०१० पासून हा सगळा मुलूख सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ३१ व्या कलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर सुरीही आहे आणि स्फोटकंही, म्हणजे सुतळी बॉम्बचा सल्ला देणाऱ्या महाभागांचीही सोय झाली. खरी मेख ११ व्या कलमात आहे. जीव वाचवताना, सद्भावनेनं, जनावर मेलं किंवा जखमी झालं तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी तुम्ही याच कायद्याचं दुसरं एखादं कलम मोडत असाल तर ही सवलत मिळत नाही. थोडक्यात, लपवून नेलेला कोयताच तुमचा बचाव काढून घेतो.

आणि समजा, नेलाच. हजार किलोपर्यंत भरणाऱ्या गव्याचं त्या वीतभर पात्यानं काय होणार? गवा दिसला की थांबावं, त्याला वाट द्यावी, सोबत पिल्लू असेल तर मुकाट मागं फिरावं. अस्वल बहुतेकदा दचकून अंगावर येतं. आपल्या नादात असलं की तुम्ही अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ता नसतो. म्हणून घोळक्यानं आणि बोलत चाला. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर अत्तर, सिगारेट, शेकोटी यातलं काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड झाकून लांब पळा.

हातात काहीतरी हवंच असेल तर काठी घ्या. भरीव बांबूची, खांद्याएवढी, खाली लोखंडी शेंबी बसवलेली. आमच्याकडचे धनगर जन्मभर तीच घेऊन रान तुडवतात. आपटत चाललं की पुढचा साप बाजूला होतो, उतारावर तोल सावरतो, आणि वाड्या-वस्त्यांवरची कुत्री अंतर राखून भुंकतात. (बिबट्याच्या गप्पा मारणारे या कुत्र्यांपुढे गार झालेले मी पाहिलेत. भटक्याची खरी गाठ पडते ती त्यांच्याशीच.) तपासणी नाक्यावर काठी उघड दाखवा आणि वनरक्षक ठेव म्हणाला तर हुज्जत न घालता ठेवून द्या.

साप चावलाच तर जखम चिरणं, चोखणं, वर दोरी आवळणं, यातलं काहीही करू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते आणि ती दवाखान्यातच मिळते. वासोट्यासाठी बामणोलीहून लाँचनं पाण्यापलीकडे उतरलात की माघारी यायला पुन्हा तेच पाणी ओलांडावं लागतं, हे ध्यानात असू द्या. तेव्हा कुकरीची ऑर्डर रद्द करा आणि निघण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, तेवढं फोन करून विचारून ठेवा.