मराठीतील ‘गेलो होतो’ आणि इंग्रजीचा पूर्ण भूतकाळ

परदेशातील नोकरीसाठी वा उच्च शिक्षणासाठी आयईएलटीएससारखी इंग्रजी प्रावीण्य परीक्षा देणारे तरुण आता सातारा-सांगली भागातही आढळतात. तुमच्यापैकीही काही असतील. या परीक्षेत 0 ते 9 अशा श्रेणी असून लेखन व संभाषण तपासण्याच्या चार समान निकषांपैकी एक निकष व्याकरणातील वैविध्य आणि अचूकता हा आहे. अर्ध्या श्रेणीसाठीही संधी हुकू शकते. म्हणून येथे मुख्यतः एकाच चुकीचा विचार करू. तिचे मूळ मराठीत असल्याने तुम्हांला ती चटकन उमगेल.

‘काल मी सांगलीला गेलो होतो’ हे वाक्य पाहा. (आपल्याकडे बोलताना ‘गेल्तो’.) सहज बोलण्यात या ‘होतो’मुळे जाण्याबरोबरच परत आल्याचेही सूचित होते. नुसते ‘गेलो’ म्हटले, तर ऐकणारा ‘मग?’ असे विचारण्याच्या बेतात असतो. हेच वाक्य विद्यार्थी इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू सांगली यस्टरडे’ असे करतो. परंतु इंग्रजी ‘हॅड गॉन’ला भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेचा किंवा क्षणाचा आधार लागतो: ‘व्हेन ही केम टू सातारा, आय हॅड गॉन टू सांगली’. तो आला, त्यापूर्वीच मी गेलो होतो. असा आधार नसेल, तर ‘आय वेन्ट टू सांगली यस्टरडे’ एवढेच पुरे.

गोंधळाला नावेही कारणीभूत आहेत. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपल्या शालेय व्याकरणावर इंग्रजी चौकटीची छाया आहे. दोन्ही भाषांतील रूपांना आपण ‘पूर्ण भूतकाळ’ म्हणतो आणि नाव एक म्हणून कार्यही एक असे गृहीत धरतो.

‘मी दहा वर्षांपासून साताऱ्यात राहतो’ येथे मराठीला साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सातारा फॉर टेन इयर्स’ म्हणावे लागते. शिवाय आपला ‘पासून’ कालावधी आणि आरंभबिंदू दोन्हींना लागतो. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’, आरंभबिंदूला ‘सिन्स’.

बाजारातील सरावपुस्तकांतल्या गाळलेल्या जागा भरून ही सवय मोडेल असे मला वाटत नाही, कारण तेथे मराठी वाक्य समोर नसते. त्यापेक्षा रोज स्वतःच्या बोलण्यातील पाच वाक्ये लिहा, त्यांतील प्रत्येक ‘होता-होती-होते’ अधोरेखित करा आणि ‘कशाच्या आधी?’ असे विचारा. उत्तर मिळाले तरच ‘हॅड’ वापरा.

सरावासाठी पुढील तीन वाक्ये इंग्रजीत लिहा: ‘परवा आमच्याकडे पाहुणे आले होते.’ ‘आम्ही मिरज स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे.’ यांपैकी एकाच वाक्यात ‘हॅड’ येईल. तिसऱ्या वाक्यात ‘हॅव’ही चालणार नाही, त्यातील कोणते शब्द त्याला अडवतात, ते शोधून वाक्याखाली नोंदवा.