परक्या शिंपल्यांसाठी बंद केलेल्या तीन गोद्या : डार्विनची गोष्ट



मागच्या बैठकीत ट्रॉलरच्या बुडाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचा विषय निघाला. एकाने विचारलं, "खरवडलेलं परत पाण्यातच टाकलं तर बिघडतं काय?" तेव्हा घाईत उत्तर दिलं. आज नीट सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन बंदर आहे. तिथे भरती-ओहोटीत पाणी आठ मीटरपर्यंत वरखाली होतं, म्हणून नौका ठेवायच्या गोद्यांना पाणी अडवणारे दरवाजे बसवलेत. मार्च 1999 मध्ये पाणबुडे कलन बे नावाच्या गोदीत पाहणीला उतरले. भिंती, दोर, नौकांची बुडं, सगळीकडे नखाएवढी काळपट शिंपलीच शिंपली. काही जागी एका चौरस मीटरवर 20,000 हून जास्त! साधारण सहा महिन्यांपूर्वी त्याच गोदीच्या पाहणीत यातलं एकही सापडलं नव्हतं.

ही शिंपली मूळची अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्याची. शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सालेई. महिनाभरात ती अंडी घालण्याजोगी होते, मग विचार करा. आणि ती आपल्याला परकी नाही. विशाखापट्टणमला ती 1967 मध्येच नोंदली गेली, नंतर मुंबईच्या गोदीतही सापडली.

डार्विनच्या सरकारने काय केलं? मत्स्य कायद्याखाली या शिंपलीला उपद्रवी जाहीर केलं आणि तिन्ही गोद्यांचे दरवाजे लावले. नौका आत अडकल्या. आधीच बाहेर पडलेल्या नौका शोधून काढल्या. अशा चारशेवर नौकांचा माग काढला, काही तर समुद्रात होत्या. मग बंद पाण्यात क्लोरीनचं द्रावण आणि मोरचूद ओतलं. नुसतं क्लोरीनचं द्रावणच दीडशे टनांच्या वर. शिंपल्यांबरोबर आतले मासे आणि बाकीचे जीवही मेले, ते लपवायचं कारण नाही. खर्च 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे गेला. पण एप्रिल संपायच्या आत काम फत्ते झालं आणि शिंपली तिथून नाहीशी झाली. त्यांचा कोळंबीचा ताफा त्याच बंदरातला, मोत्यांची शेती त्याच किनाऱ्यावर. म्हणून एवढी घाई.

काही जण म्हणतील, मग आपणही औषध मारू. नाही हो! दरवाजे होते म्हणून ते जमलं. मांडवी-जुवारीला कुठला दरवाजा लावणार? उघड्या खाडीत काय होतं ते चेन्नईजवळच्या एन्नोरला बघा. तिथे बंदरं आणि औष्णिक वीज केंद्रं खाडीला लागूनच आहेत, आणि दक्षिण अमेरिकेकडची आणखी एक शिंपली, चारू नावाची, तळावर सतरंजीसारखी पसरली आहे. कोळंबीची जागा गेली म्हणून तिथले मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. केरळात अष्टमुडी तलावातही तीच चारू आहे, जिथे तिसऱ्यांवर शेकडो घरं चालतात. एकदा अशी बसली की पूर्ण काढणं जवळजवळ अशक्य.

म्हणून माझ्या मते डार्विनची खरी हुशारी 1999 नंतरची. बंदरात ठराविक जागी पट्ट्या पाण्यात टांगून ठेवायच्या आणि दर थोड्या महिन्यांनी काय चिकटलंय ते बघायचं. बाहेरून आलेल्या नौकेचं बूड गोदीत शिरण्याआधी तपासायचं, तिच्या पाण्याच्या नळ्यांतही औषध फिरवायचं. पुढे त्याच बंदरात इक्थिस हा मोठा गॅस प्रकल्प आला, तेव्हा परक्या सागरी जीवांचा बंदोबस्त हा पर्यावरण मंजुरीचाच भाग होता. गाळ काढणारी जहाजं आणि बार्ज एका जागी महिनोन्‌महिने उभी राहतात, हळू चालतात, त्यामुळे त्यांच्या बुडाला जास्त साचतं. आपल्याकडे जेटी वाढवायची किंवा गाळ काढायची जनसुनावणी होते, तेव्हा आपण भरपाई विचारतो. जहाज कुठून येणार आणि बूड कोण तपासणार, हे मी तरी आजवर कोणाला विचारताना ऐकलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

टाकीतल्या पाण्याचं वेगळं. जहाज तोल सांभाळायला जे पाणी भरतं, त्याचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर 2017 पासून लागू आहे, आणि आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर देशातल्या बंदरांत काम केलंय. बुडाला चिकटून येणारं मात्र त्या करारात बसत नाही.

एक गंमत. आपण चवीने खातो त्या शिणाण्या ऑस्ट्रेलियात गुन्हेगार आहेत! 2001 मध्ये केर्न्स बंदरात एका जहाजाच्या बुडावर सापडल्या आणि तिथे धावपळ उडाली. आपल्या घरचं दुसऱ्याच्या दारी उपद्रव होतं, तसंच उलटही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. होडी किनाऱ्यावर ओढून खरवडा, आणि निघालेलं पोत्यात भरून सुकवून भरतीच्या रेषेच्या वर पुरा. अनोळखी शिंपली दिसली तर उघडून बघा: टोकाशी आत छोटी फळी असेल तर ती डार्विनवाली असू शकते. दोन-चार बर्फात ठेवून कार्यालयात आणा, आणि फोटो काढताना बाजूला रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.