घराण्याचा वंशवृक्ष व रक्तांतील कोलेस्टेरॉल

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांत आनुवंशिकतेचा पाठ शिकवीत असतां आम्हीं मुलांस एक काम सांगितलें. प्रत्येकानें आपल्या घराचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा, आणि जीं माणसें निवर्तलीं असतील त्यांच्या नांवाखालीं वय व कारण लिहावें. काशीमीरा येथील आमच्या शाळेंत कोंकणांतून, देशावरून, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांचीं मुलें आहेत. त्यामुळें कागद नाना तऱ्हेचे आले. त्यांतील एकावर आमची दृष्टि खिळून राहिली. आजोबा, वय 46. थोरले काका, वय 41. दोहोंपुढें एकच शब्द, 'झटका'. वडिलांच्या नांवाखालीं 'वय 43, प्रकृति उत्तम'. आम्हीं विचारतां तो मुलगा सहज म्हणाला, "सर, आमच्या घरांत पुरुष फार जगत नाहींत."

ज्या सहजतेनें तो हें बोलला, तिनें आम्ही अस्वस्थ झालों. प्रस्तुत लेख त्यांतूनच निघाला आहे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ होय. तो मुळांत शत्रु नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणास तो लागतो, आणि त्याचा बराचसा भाग आपलें यकृतच तयार करतें. रक्तांतून तो ज्या कणांत बसून फिरतो, त्यांपैकीं एका जातीस एलडीएल म्हणतात. यकृताच्या पेशींवर हे कण आंत ओढून घेणारीं जणूं दारें असतात. कांहीं घराण्यांत आई किंवा बाप यांजकडून आलेल्या एका सदोष जनुकामुळें हीं दारें जन्मापासूनच अपुरीं पडतात. आंत न गेलेले कण रक्तांत साचतात, आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें चरबीचा थर बसत जातो. ना वेदना, ना ताप. पहिली सूचना कित्येकदां झटक्याचीच. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकीं सुमारें निम्म्यांस पन्नाशीच्या आंत हृदयविकार गांठतो.

पुष्कळ पालक म्हणतात, "आम्ही तूप खात नाहीं, दिवसभर अंगमेहनत करतों, आम्हांस कोलेस्टेरॉल कोठून?" मिताहार आणि श्रम हितकर आहेतच, पण बिघडलेलीं दारें त्यांनीं दुरुस्त होत नाहींत. सडपातळ माणसासहि हा दोष असूं शकतो.

कंडरांवरील गांठी, वाढलेलें कोलेस्टेरॉल व हृदयविकार हीं एकाच घराण्यांत बरोबर चालतात, हें 1938 सालीं नॉर्वेच्या कार्ल म्यूलर यांनीं दाखविलें. दारांचा उलगडा अमेरिकेंतील डॅलस येथें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं केला, व त्यांस 1985 चें नोबेल पारितोषिक मिळालें. औषधाचा मार्ग जपानच्या अकिरा एन्डो यांस एका बुरशींत सांपडला. त्या वर्गांतील पहिलें औषध 1987 सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. आज स्टॅटिनच्या गोळ्या आपल्याकडेहि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत भारतीय कुटुंबांतील या जनुकदोषाचा अभ्यासहि झाला आहे. औषध आहे, तपासणी आहे. मग अडतें कोठें? माणूस ओळखण्यांत.

जगांत सुमारें 250 माणसांमागें एकास हा दोष असतो असें मानतात. 2011 च्या जनगणनेंत मीरा-भाईंदरची वस्ती 8 लाख 9 हजारांवर होती. हेंच प्रमाण धरून मुलांनीं भागाकार करून पाहावा. तीन हजारांहून अधिक माणसें येतील.

सरकारी आरोग्य कार्यक्रमांत तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब व साखर पाहतात, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी करतात. घरोघर येणाऱ्या आशाताईंच्या कागदावर आईबाप किंवा भावंडें यांस रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे काय, हाहि प्रश्न असतो. 'होय' या उत्तरास दोन गुण. प्रश्न उत्तम आहे. परंतु कोलेस्टेरॉल त्या नेहमींच्या तपासणींत नाहीं, म्हणून पुढचें पाऊल गृहस्थानेंच उचलावें लागतें. डॉक्टरांपुढें बसून आपण खोकल्या-तापाची तक्रार सांगतों आणि उठतों. आमच्या मतें तेव्हां एक वाक्य अधिक बोलावें: "आमच्याकडे अमुक माणूस अमक्या वयाला झटक्यानें गेला." तो पुरुष 55 च्या आंतला किंवा ती स्त्री 65 च्या आंतली असेल, तर तें वाक्य फार मोलाचें ठरतें. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें तर 2024 सालीं अठराव्या वर्षींच पहिली लिपिड तपासणी करावी, घराण्यांत असा इतिहास असल्यास त्याहून लवकर, असा सल्ला दिला आहे.

प्रौढाचें एलडीएल 190 किंवा अधिक आलें, तर थायरॉइड, मूत्रपिंड इत्यादि दुसरीं कारणें वगळून डॉक्टर या दोषाचा संशय घेतात. टांचेमागील कंडरा जाड होणें, बोटांच्या सांध्यांवर गांठी, पंचेचाळिशीपूर्वीं बुबुळाभोवतीं पांढुरकी कडा, हीं चिन्हेंहि ते पाहतात. पण तीं नसलीं म्हणून निश्चिंत होऊं नये. आणि एक माणूस सांपडला कीं त्याचे आईबाप, भावंडें, मुलें यांस तपासावें, कारण प्रत्येक अपत्यास दोष येण्याचा संभव निम्मा असतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. नेदरलंड्समध्यें 1994 पासून सुमारें वीस वर्षें अशाच वंशवृक्षांवरून घरोघर शोध घेतला गेला.

त्या मुलाच्या वडिलांस आम्हीं पालकसभेंत गांठलें. "सर, मला काय झालें आहे?" असें म्हणून त्यांनीं दोनदां टाळलें. तिसऱ्या वेळीं मुलाच्या आईनें पुढाकार घेतला. एलडीएल 236 आलें. मग मुलांची तपासणी झाली. मुलाचें साधारण निघालें. त्याच्या एकोणीस वर्षांच्या बहिणीचें मात्र 204. तिची काळजी कोणी केलीच नव्हती, कारण जगत नव्हते ते 'पुरुष'. आतां बापलेक दोघांवर उपचार चालू आहेत.

आम्हीं तो कागद पुन्हां काढून पाहिला. त्यावर आत्या नव्हत्याच! मुलानें दोघींच्या चौकटी मागाहून काढल्या आहेत. एकीनें चिपळूणला रक्त तपासून घेतलें. दुसरीस तिचा भाचा दर रविवारीं फोन करतो.