तंजावरचा राजवाडा : एक पदयात्रा

बीजिंग येथील निषिद्ध नगरी मिंग सम्राट युंगलो याच्या आज्ञेने १४०६ ते १४२० या काळात उभारली गेली. दक्षिणेच्या महाद्वारातून शिरलेला प्रवासी तेथे सरळ उत्तरेकडे चालत राहिला, की प्रथम दरबाराची सभागृहे, मग सम्राटाची निवासस्थाने आणि शेवटी उद्यान, असा क्रम त्याला आपोआप उलगडत जातो. तंजावरचा राजवाडा असा एका रेषेत बांधलेला नाही. सोळाव्या शतकात नायक राजांनी त्याला आरंभ केला आणि पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत मराठ्यांनी त्यात भर घातली. त्यामुळे येथे चौकामागून चौक ओलांडताना प्रत्येक ठिकाणी थांबून, हे कोणी व कशासाठी बांधले, असे विचारावे लागते.

पूर्वेकडील रस्त्याने आत शिरल्यावर प्रथम विस्तीर्ण पटांगण लागते. पुढे मनोऱ्यासारखी, मजल्यांवर मजले चढवलेली इमारत दिसते. हे शस्त्रागार. शेजारच्या नायककालीन दरबारात १९५१ पासून कलादालन आहे. चोळकालीन कांस्यमूर्तींच्या या संग्रहात संगमरवराचा एक पुतळा एकदम वेगळा वाटतो. तो सरफोजी राजे दुसरे यांचा असून इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने तो घडविला आहे.

येथून मराठा दरबाराकडे वळावे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. दरबारातील खांब, कमानी व छत रंगांनी भरलेले आहेत. या भपक्यावरून राजसत्तेचे अनुमान मात्र करू नये. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला होता. किल्ला आणि त्याच्या आसपासचा प्रदेश एवढाच त्यांच्याकडे उरला. ज्याच्या हाती सैन्य व महसूल राहिला नाही, अशा राजाने आपले लक्ष ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांकडे वळविले.

त्याचे फळ सरस्वती महालात पाहावयास मिळते. नायकांच्या काळात सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी फार वाढविला. आज येथे ताडपत्रांवरील व कागदावरील मिळून सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत ग्रंथांची संख्या सर्वांत मोठी असून मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार भरतात. तमिळ व तेलुगू ग्रंथही आहेत. ए. सी. बर्नेल याने येथील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील विद्वानांनाही या भांडाराचे महत्त्व कळून आले.

आता राहत्या भागाकडे पाहावे आणि एक प्रश्न मनात धरावा : राजवाडा राज्याचा की राजाच्या घराण्याचा? हा प्रश्न येथे प्रत्यक्ष न्यायालयात गेला. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्राविना मरण पावले. नागपूरचे भोसले राज्य, आणि त्यासोबत रायपूर व सारा छत्तीसगड, नुकताच कंपनीने खालसा केला होता. तंजावरातही तेच घडले. कंपनीच्या अधिकाऱ्याने राज्यासह घराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राजांच्या ज्येष्ठ विधवा कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही जप्ती म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेले राजकीय कृत्य असून त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही, असा त्याचा आशय होता. पुढे १८६२ मध्ये मद्रास सरकारने ती मालमत्ता राजस्त्रियांकडे सोपविली. पण हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून.

चीनमध्येही असाच प्रश्न उद्भवला. १९१२ मध्ये सिंहासन सोडल्यावरही पूयी हा शेवटचा सम्राट निषिद्ध नगरीच्या आतल्या भागात राहत होता. १९२४ मध्ये त्याला बाहेर काढण्यात आले आणि दुसऱ्या वर्षी तेथे वस्तुसंग्रहालय उघडले. तंजावरात सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. ज्या दालनात पूर्वी राजाच्या अनुमतीवाचून पाऊल टाकता येत नसे, ते दोन्हीकडे सामान्य माणसाला खुले झाले.

परतण्यापूर्वी मोडी कागदपत्रांची आठवण ठेवावी. या दरबाराच्या रोजच्या व्यवहाराचे, देणग्यांचे व खर्चाचे तपशील मोडी लिपीतील शेकडो रुमालांत बांधलेले आहेत. भाषा मराठी, परंतु ती लिपी वाचू शकणारे आज थोडे. राजवाड्याचे दरवाजे उघडले असले, तरी तेथील माणसांचा खरा वृत्तांत या रुमालांत आहे आणि तो वाचण्यासाठी मोडी शिकलेल्या वाचकांचीच गरज आहे.