दुनळी नावावर करून घेताना

दादांनी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा बंदूक त्यांच्या डोळ्यांदेखत तुझ्या नावावर करून घे, बाळा. परवानाधारकाला ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगून झालं, की ते वारसाच्या नावावर करता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. माणूस गेल्यावर हेच करायला बसलं, की बंदूक आधी पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. मग बहिणींच्या ना-हरकती, मग हेलपाटे. तिथे तिच्या नळ्यांना तेल कोण लावणार? आपली पंचवटी नाशिक शहरात येते, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात. निफाडचे पाहुणे कलेक्टर कचेरीची वाट सांगतील, ती त्यांची. परवाना ५ वर्षांचा असतो आणि २०१९ पासून माणशी दोनच हत्यारं, वारशाची धरून. ‘जुनी आहे, भिंतीला टांगू, परवाना कशाला?’ असं पंचवटी कारंज्यावर कुणीही सांगेल. दुरुस्त करूनही उडणार नाही इतकं निकामी हत्यार असेल, तरच कायदा ते सोडून देतो.

कागद झाले की नळ्या. आधी बंदूक मोडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघ, बोटानेही चाचप. नळ्या सुट्या कर, खालच्या हुकाला दोरा बांधून टांग आणि नखाने टिचकी मार. स्वच्छ नाद घुमला तर ठीक. भद्द वाजली तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलेला असतो. मग खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघ. उजेडाची कडी गोल दिसली पाहिजेत. कडं चेपलं असेल तिथे पोचा आहे. पोचा निघतो, गंजाचे खोल खड्डे निघत नाहीत.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर भुलू नकोस, सावध हो. ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ती घडवलेली असते, आणि बहुतेक काळ्या दारूच्या काळातली. वळ्यांच्या सांध्यांत आतून गंज धरला तर बाहेरून कळत नाही. नळ्यांच्या खालच्या अंगाला चाचणीचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ पासूनचं, लंडनचे बंदूक कारागीर त्याहून जुने. बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा शिक्का नसेल, तर आजचं काडतूस त्या नळीत घालायचं नाही. शिक्का असला तरी तो त्या दिवसापुरता. नंतर कुणी नळी घासून पातळ केली असेल. जाणत्या बंदूक कारागिराकडून जाडी मोजून घे.

आता काडतूस. खडकीच्या कारखान्याचं बारा बोअरचं काडतूस मिळतं, पण आधी घराची लांबी मोजून घे. जुन्या बंदुकांचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर; आजची काडतुसं बहुधा ७० ची. गंमत अशी की ते आत आरामात बसतं, कारण ७० हे उडाल्यावर तोंड उलगडतं तेव्हाचं माप. ते तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडलं की दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं, असं समजू नकोस. पोलादी छऱ्यांची काडतुसं जुन्या नळीत मुळीच नकोत.

बंदूक बदकांची आहे, लांब नळीची. म्हणून नांदूरमध्यमेश्वरकडे बघायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला, १९८६ ला तिथे अभयारण्य झालं, आणि आता ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ आहे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक बघायला चापडगावला दुर्बीण घेऊन जा. चिखलात पडलेले शिशाचे छरे दाणे समजून गिळणारी बदकं नंतर झिजून मरतात, म्हणून अमेरिकेतही १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिसं बंद आहे.

उडवायचीच तर परवानगी असलेल्या रेंजवर, मातीच्या तबकडीवर. २४ ग्रॅमचं हलकं काडतूस पुरतं. दस्ता खांद्याच्या खळग्यात, गाल लाकडाला चिकटलेला. नजर माशीवर नको, तबकडीवर हवी. मागून येऊन तिच्यापुढे जा आणि चाप दाबल्यावरही नळी फिरती ठेव. थांबलास की चुकलास. पुढचा चाप बहुधा उजव्या नळीचा, मागचा डाव्या, आवळ तोंडाच्या नळीचा. दोन्हींवर बोटं कधी नकोत.

खंडेनवमीला पूजेत मांडशील, मांडच. पण हळद-कुंकवाचं पाणी आणि ओला झेंडू रात्रभर पोलादावर राहिला की सकाळी डाग पडतोच. संध्याकाळीच कोरडं पुसून तेलाचा हात फिरव. लाकडाला जवसाचं तेल, तेही थेंबभर. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नकोस, चामडं दमट राहतं.

आणि लग्नसराईत कुणी मागितली तर ‘दुरुस्तीला टाकलीय’ म्हण. आनंदाचा बार काढून कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग नवरदेवाचा मामा कितीही रुसो.